उत्तरेकडच्या बारा कमानी

बडोद्यात राजवाडा आहे, संग्रहालय आहे, मोठी बाग आहे आणि बागेत लहान मुलांची आगगाडी आहे. यांतले काहीही मी पाहिले नाही. तीन दिवस मी विद्यापीठाच्या आवारातल्या एका जुन्या दगडी इमारतीच्या उत्तरेकडच्या कमानी मोजत होतो. तेव्हा बडोदे पाहायला निघालेल्यांना या लेखाचा फारसा उपयोग नाही. तरुणपणी एखादे काम टाळून ते दुसऱ्याच्या नावावर ढकललेले कोणी असतील, तर त्यांना थोडा होईल.

झाले असे की गेल्या महिन्यात दुपारी फोन आला.

"अंत्या का?"

मला अंत्या म्हणणारी माणसे आता बहुतेक वर गेली आहेत. त्यामुळे मी जरा दचकलोच.

"मी दिन्या. मोहिते. बडोद्याहून. नंबर कुठून काढला ते विचारू नकोस. अरे, माझी नात आर्किटेक्ट झाली, आणि पहिलंच काम कुठलं लागलं सांग? आपली इमारत! दुरुस्ती निघालीय. आणि ऐक, आपला जुना नकाशा सापडला त्यांना. तुझ्या हातचा. उत्तरेच्या तेराच्या तेरा कमानी, काय सुंदर काढल्यास रे!"

मी "वा, वा" म्हणालो, फोन ठेवला आणि दोन पेले पाणी प्यायलो. कारण उत्तरेला तेरा कमानी नाहीत. बारा आहेत.

नकाशात तेरावी कुठून आली, हे अठ्ठेचाळीस वर्षे फक्त मला ठाऊक होते, असा माझा समज होता.

आता सगळे सांगतो. सत्ताविसाव्या वर्षी मी बडोद्याच्या एका आर्किटेक्टच्या कचेरीत नकाशे काढायला होतो. जोडीला दिनकर मोहिते. त्याचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, घरात भिंतीवर तलवार होती. दिनकरच्या हातात मात्र टेप आली. वाटणी ठरलेली. त्याने मोजायचे, मी काढायचे. त्या दगडी इमारतीची दक्षिण बाजू आम्ही चार दिवस खपून मोजली. तेरा कमानी. मग उत्तर बाजू आली, आणि तिथे पाचव्या कमानीत आग्यामोहोळ लटकत होते. गादीएवढे.

मी दिनकरला म्हणालो, "तू सेव उसळ घेऊन ये, तोवर मी मोजायला लागतो." तो गेला. मी मोहोळाकडे पाहिले, मोहोळाने माझ्याकडे पाहिले. मी कचेरीत परत गेलो, दक्षिण बाजूचा ट्रेसिंग पेपर घेतला, उलटा केला, आणि तीच बाजू उत्तर म्हणून गिरवून टाकली. एवढी सुबक इमारत, दोन्ही बाजू सारख्याच असणार! नकाशाच्या कोपऱ्यात रीतीप्रमाणे लिहिले: मोजणी, मोहिते. रेखाटन, मी.

पण उत्तरेला जिन्याचा बुरूज आहे, आणि त्याने एक कमान गिळलेली आहे.

कबुतरे आत येऊ नयेत म्हणून प्रत्येक कमानीच्या अर्धगोलात सागवानी चौकट बसवायची होती. पंख्याच्या पात्यांसारख्या पट्ट्या आणि मधे रंगीत काचा. कंत्राटदाराने उत्तरेसाठी तेरा करून आणल्या. बारा बसल्या. तेरावी घेऊन चार माणसे व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिली. साहेबांनी नकाशाचा कोपरा वाचला आणि दिनकरला सगळ्यांसमोर म्हणाले, "मोहिते, तुमचे पणजोबा शत्रूचे सैनिक असेच मोजायचे का?" मी तिथेच उभा होतो. पेन्सिलीला टोक करत होतो.

साहेबांनी ती चौकट दिनकरच्याच गळ्यात मारली. छाणीला त्याच्या काकांचा सुतारकामाचा कारखाना होता. तिथवर ती हातगाडीवरून न्यायची ठरली. भर उन्हात गाडी ढकलायला त्याच्याबरोबर कोण होते? मी. आठवडाभरात दिनकरने नोकरी सोडली. दोन महिन्यांनी साहेबांचेच शिफारसपत्र खिशात घालून मी पुण्याला सरकारी नोकरीत रुजू झालो.

फोन आला त्या संध्याकाळी हे सगळे मी पहिल्यांदा बायकोला सांगितले. ती म्हणाली, "जाऊन सांगून या एकदाचं." आणि मोहित्यांसाठी भाकरवडीचा पुडा बांधून दिला.

पहिला दिवस: सयाजीगंज

सयाजीगंजात स्टेशनजवळ उतरलो, कारण तिथून आवार पायी जाण्याजोगे आहे. आधी सेव उसळ खाल्ली. पुणेकरांसाठी खुलासा: ही मिसळ नव्हे. पांढऱ्या वाटाण्याची उसळ, वर जाड शेव, कांद्याची पात, आणि तिखट तरी वेगळ्या भांड्यात, हवी तेवढी ओतून घ्यायची. तिला मिसळ म्हटले तर बडोदेकर दुखावतो. मी म्हटले. गाडीवाला शांतपणे म्हणाला, "काका, मिसळ खावी होय तो पूना जाव." मी पुण्याहूनच आलो होतो, म्हणून गप्प राहिलो आणि घाबरून तरी जास्त ओतली. पुढची दहा मिनिटे मी बडोद्याकडे पाण्याच्या पडद्यातून पाहिले.

तशाच डोळ्यांनी इमारतीपुढे उभा राहिलो.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. युरोपात हजार वर्षांपूर्वी जाडजूड दगडी बांधकामाची एक तऱ्हा होती, तिला रोमनेस्क म्हणतात. पुढे दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी साहेबलोकांना तिची पुन्हा हौस आली, आणि त्या हौशीचा एक तुकडा समुद्र ओलांडून इथे बडोद्याच्या उन्हात येऊन बसला. कमान टोकदार नसते; वाटीने पुरी कापून मधून अर्धी करावी तशी स्वच्छ अर्धगोल. खांब बुटके आणि भरलेल्या अंगाचे, लग्नात जेवून उठलेल्या व्याह्यांसारखे ओळीने उभे. प्रत्येकाच्या माथ्यावर दगडी पाने कोरलेली, आणि एका खांबाची पाने दुसऱ्यासारखी नाहीत. भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कट्ट्यावर माणूस पाय लांब करून झोपू शकतो. दोन विद्यार्थी झोपलेही होते. वर मात्र आपल्याकडचे घुमट. खाली युरोप, वर हिंदुस्थान, आणि मधल्या कडेवर कबुतरे. चौकटी बसवूनही कबुतरे आतच होती.

मी उत्तर बाजूला गेलो. पाचव्या कमानीत मोहोळ होते! तेच नसणार, त्याची नातवंडे-पतवंडे असतील. पण जागा सोडली नव्हती. व्हरांडा दोरी बांधून बंद केलेला. मी बाहेर हिरवळीवर उभा राहून बोटाने मोजायला लागलो. समोर झाडे होती, म्हणून जागा बदलत मोजले. अकरा आल्या. पुन्हा मोजले. तेरा आल्या.

अठ्ठेचाळीस वर्षे ज्याच्यासाठी स्वतःला दोष दिला तो गुन्हा मी केलाच नाही की काय, असे वाटून माझे पाय हलके झाले. तेवढ्यात रखवालदार आला.

"काका, शुं करो छो?"

"कमान गणुं छुं," मी गंजलेल्या गुजरातीत म्हणालो.

"केम? कोई लई गयुं?"

कोणी चोरून नेली का, असे तो विचारत होता. मी नाही म्हणालो. तो माझ्या शेजारी उभा राहून स्वतः मोजायला लागला. त्याला बारा आल्या. झाडाखाली गाठिया खात बसलेल्या चार मुली उठून आल्या. एकीला अकरा, तिघींना बारा. एक म्हणाली, "काका, ए टावरवाळी नथी गणवानी, ए तो खाली डिझाइन छे."

बुरुजावर कमानीची नुसती आकृती कोरलेली होती, आत भरीव दगड. म्हणजे बाराच. माझे पाय पुन्हा जड झाले. मुलींनी माझ्याबरोबर सेल्फी काढला आणि विचारले, मी इतिहासाचा प्रोफेसर आहे का. मी नाही म्हणालो. एवढे एक तरी खरे बोललो.

दुसरा दिवस: गोत्री

दिनकरचे घर गोत्रीत. मी येतोय म्हणून कळवले तेव्हा त्याने पत्ता दिला होता, पण सोसायटीचे नाव सांगताच रिक्षावाला म्हणाला, "चर्चवाळु मकान? बेसो."

का, ते पोचल्यावर कळले. आजूबाजूला एकसारखी दुमजली घरे, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे. मधेच एक छोटे बैठे घर, आणि त्याच्या दर्शनी भिंतीत, जवळजवळ भिंतीएवढी, अर्धगोल सागवानी चौकट. रंगीत काचांची. तेरावी!

खिडकी घराला बसवलेली नव्हती. घर खिडकीला बसवलेले होते. ती मावावी म्हणून छत उंच केले होते आणि दार कोपऱ्यात सरकवले होते. त्यामुळे आत शिरताना पाहुण्याला आडवे व्हावे लागते. दोनदा रविवारी सकाळी नटूनथटून आलेली कुटुंबे प्रार्थना किती वाजता आहे ते विचारून गेल्याचे पुढे कळले.

"आव, आव! केम छे, मजामा?" दिनकर दारातच होता. डोक्यावर केस नाहीत, पण मिशी तीच. "अंत्या, किती म्हातारा झालास रे!"

"आणि तू?"

"मी मोहिते आहे. आम्ही म्हातारे होत नाही, निवृत्त होतो."

नोकरी सोडल्यावर तो एका औषधांच्या कारखान्यात स्टोअरकीपर झाला होता. तीस वर्षे. एक बाटली कधी कमी नाही, एक जास्त नाही. "प्रत्येक वस्तू दोनदा मोजायचो," तो म्हणाला. "लोक हसायचे." माझ्या हातातला पुडा त्याच्या बायकोने, सुलभावहिनींनी, घेतला आणि आतला जिन्नस पाहून म्हणाल्या, "अय्या, भाकरवडी! बडोद्याला?" बडोद्याची माणसे भाकरवडी आपलीच समजतात. त्यांनी पुडा फोडला, एक तुकडा चाखला आणि "चांगली आहे हं, प्रवासात असं होतंच" असे म्हणून फडताळात ठेवला.

बैठकीत झोपाळा होता. आपल्याकडे पाहुण्याला खुर्ची देतात, इथे झोपाळ्यावर यजमानाच्या शेजारी बसवतात. मी मनाशी जुळवून आणलेले वाक्य सुरू केले: "दिनकर, एक गोष्ट मी तुला फार पूर्वी—" तेवढ्यात त्याने पायाने झोका दिला. मी मागे गेलो. पुढे येताना पुन्हा सुरू केले. पुन्हा मागे गेलो. गुन्ह्याची कबुली द्यायला पायाखाली जमीन लागते. शेवटी मी दोन्ही पाय रोवून झोपाळा थांबवला.

"तो नकाशा," मी म्हणालो, "मी—"

"उलटा करून गिरवलास. माहीत आहे मला."

माझे रोवलेले पाय सुटले आणि झोपाळा पुन्हा हलला.

"मी उसळ घेऊन व्हरांड्यात आलो, तू नाहीस. कचेरीत आलो तर तुझी पाठ माझ्याकडे, कागद पालथा. मी मागच्या मागे बाहेर गेलो आणि दोघांची उसळ एकट्याने खाल्ली."

"मग साहेब बोलले तेव्हा तू गप्प का राहिलास?"

दिनकर काचांकडे बघत होता. "वाटलं, तू बोलशील. तू बोलायच्या आधी मीच कसं सांगू? गाडी ढकलताना वाटलं, आता बोलेल. छाणीपर्यंत वाट पाहिली."

तो पुढे झुकला आणि आवाज खाली आणला.

"आता ऐक. मी तुला काय उगाच फोन केला? रेवाने, माझ्या नातीने, तोच नकाशा पुन्हा गिरवलाय. म्हणते, आबांनी मोजलंय, परत काय मोजायचं. शिवाय मोहोळ आहे. चौकटी कुजल्यात, नव्या करायच्यात, सोमवारी ऑर्डर जाते. तेराची. खाली सही मोहिते! पहिल्याच कामात पोरीला लोक तेच ऐकवणार, जे मला ऐकवलं."

"मग तू सांग ना तिला. तुला तर माहीत आहे."

"मी कसा सांगू?" त्याने स्वयंपाकघराकडे पाहिले. "हिच्या वडिलांनी ती चौकट काकांच्या कारखान्यात पाहिली. लग्न ठरत होतं, मला नोकरी नव्हती. मी सांगितलं, उत्तम मोजणी केली म्हणून साहेबांनी सन्मानाने दिली. त्यावर लग्न झालं. त्यावर हे घर बांधलं. तू रेवाला हळूच बाजूला घे आणि सांग. हिला कळता कामा नये. तू चूक केलीस, तूच निस्तर."

मी कबूल केले. सोपे काम होते. ते मी अर्ध्या तासात बिघडवले.

रेवा दुपारी आली. तेवीस वर्षांची, पाठीवर लॅपटॉप, घरात मराठी आणि फोनवर गुजराती, मधे श्वास न घेता. तिला बाजूला घ्यायच्या आत पाने वाढली गेली. पुऱ्या, बटाट्याची भाजी, गूळ घातलेली गोड डाळ, श्रीखंड. पहिला घास घेतो न घेतो तोच सुलभावहिनी म्हणाल्या, "भावोजी, सन्मान झाला तेव्हा तुम्ही हजर होता ना? हे कधी नीट सांगतच नाहीत. कसा झाला सोहळा?"

टेबलाखाली दिनकरचा पाय माझ्या पायावर आला.

"छान झाला," मी म्हणालो.

"कोण कोण होतं?"

"साहेब होते. सगळा स्टाफ होता." इथे थांबायला हवे होते. पण वहिनी इतक्या आनंदाने ऐकत होत्या की मी म्हणालो, "हार घातला."

"हार? हे कधी बोलला नाहीत!" त्या दिनकरला म्हणाल्या. दिनकर डाळ पीत होता.

"भाषण कोणी केलं?" रेवाने विचारले. तिने फोन काढून माझ्यासमोर ठेवला होता. "दादाजी, मी रेकॉर्ड करते हं. रिपोर्टला जोडू, मस्त लागेल."

"साहेबांनीच. म्हणाले, असा मोजणारा झाला नाही. मग बँड—"

"बँड पण?"

"छोटा. चार माणसांचा. आणि मग ती चौकट सजवून..." मला ती हातगाडी दिसत होती. भर ऊन, दिनकरच्या मानेवरचा घाम. "सजवून, मिरवत मिरवत, छाणीपर्यंत..."

दिनकरचा पाय आता माझा पाय चिरडत होता. मी पुढे हत्ती आणणार होतो. खरोखर, जिभेवर आला होता. एकदा बँड आल्यावर हत्तीला किती वेळ लागतो? पण रेवाच्या फोनवर लाल ठिपका लुकलुकत होता, आणि तिने म्हटले, "म्हणजे आबांची तेरा कमानींची मोजणी पहिल्यापासून फेमस होती."

"बारा," मी म्हणालो.

"हं?"

"बारा आहेत. तुझ्या आबांनी उत्तर बाजू मोजलीच नाही. मी त्यांना उसळ आणायला पाठवलं आणि दक्षिणेचा कागद उलटा करून गिरवला. नाव त्यांचं घातलं. चौकट जास्त झाली ती माझ्यामुळे, बोलणी खाल्ली त्यांनी, नोकरी सोडली त्यांनी. हार नव्हता. बँड नव्हता. हातगाडी होती, आणि ढकलायला मी होतो. बारा आहेत, बाळ. सोमवारी तेरा मागवू नकोस."

रेवा एकदम उठली. "आबा! माझी सही झालीय!" आणि फोनवर कोणाला तरी भराभर गुजरातीत थांबा, थांबा म्हणत अंगणात गेली.

सुलभावहिनींनी खिडकीकडे पाहिले. मग नवऱ्याकडे.

"म्हणजे ही सन्मानाची नाही?"

"नाही," दिनकर म्हणाला.

"सत्तेचाळीस वर्षं मी हिच्या काचा पुसते. दिवाळीला चिंच लावून पितळी खिळे घासते. बाबांना कळलं असतं तर त्यांनी तुम्हाला दारातूनच वाटेला लावलं असतं."

"म्हणून तर नाही सांगितलं."

"आणि मला? मला कधी सांगणार होतात?"

वहिनींनी त्याच्या पुढची श्रीखंडाची वाटी उचलली आणि माझ्या पानात उपडी केली. खरे बोलल्याबद्दल म्हणून की दोघांनाही शिक्षा म्हणून, ते मला अजून कळलेले नाही. श्रीखंड मी संपवले. संपवणे भाग होते.

दिनकर झोपाळ्यावर जाऊन बसला. मी जवळ गेलो तर म्हणाला, "हळूच सांग म्हणालो होतो मी." त्यापुढे एक शब्द बोलला नाही. निघताना मी म्हटले, "येतो." वहिनी "आवजो" म्हणाल्या. तो नाही.

तिसरा दिवस: पुन्हा आवारात

सकाळी सहाला हॉटेलच्या दारावर थाप पडली. दिनकर. हातात पन्नास मीटरची टेप. बोलला नाही, नुसती मान हलवली. मी चपला घातल्या.

रेवा इमारतीपाशी रखवालदाराबरोबर उभी होती. ऊन तापायच्या आत उरका, असे त्याचे म्हणणे. मधमाश्या सकाळी थंड असतात. रेवाने पिशवीतून दोन ओढण्या काढल्या. बडोद्यात मुली स्कूटरवर बसताना डोके आणि तोंड ओढणीत असे गुंडाळतात की फक्त डोळे उरतात. तसेच तिने आम्हाला बांधले. मला जांभळी, फुलाफुलांची. दिनकरला पोपटी, खाली गोंडे असलेली. पंचाहत्तरीचे दोन म्हातारे, दरोडेखोर नवऱ्यांसारखे, अर्धगोल कमानींखाली वाकलेले. पहिल्या दिवशीच्या मुलींपैकी एक तिथून पळायला चालली होती, ती थांबली आणि फोटो काढून गेली.

आम्ही मोजायला लागलो. दिनकरने टेपचे टोक पहिल्या खांबाच्या मुळाशी धरले, मी पुढे ओढत गेलो, रेवा लिहीत गेली. तो फक्त आकडे बोलत होता. पहिली कमान, दुसरी, तिसरी. खांबांच्या माथ्यावरची पाने इतक्या जवळून मी तेव्हाही पाहिली नव्हती. एका खांबावर कोरणाऱ्याने पानांच्या आड एक पोपट लपवलेला आहे. हे मला सत्ताविसाव्या वर्षीच दिसायला हवे होते.

पाचव्या कमानीखाली आम्ही श्वास रोखून गेलो. मी इतका रोखला की सहाव्या कमानीत मला शिंक आली. दगडी व्हरांड्यात शिंकेचे काय होते, ते प्रत्यक्ष ऐकावे. वरून एक गुणगुण सुरू झाली. आम्ही तिघे भिंतीला चिकटलो. रखवालदार केव्हाच हिरवळीच्या पलीकडे पोचला होता. गुणगुण थोडी वाढली, मग ओसरली. एकच माशी खाली आली, माझ्या जांभळ्या फुलांची बारकाईने तपासणी केली आणि नापसंत करून परत गेली.

बाराव्या कमानीनंतर बुरूज आला. रेवाने हात लावून पाहिला. भरीव दगड.

"बारा," ती म्हणाली. "आबा, बारा."

दिनकरने टेप गुंडाळायला घेतली.

पायरीवर येऊन तिने नकाशाची छापील प्रत पसरली. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात दुरुस्त्यांचा तक्ता असतो: क्रमांक, काय बदलले, कारण, सही. रेवा लिहिता लिहिता म्हणाली, "दुरुस्ती एक. उत्तरेकडे तेराऐवजी बारा. कारण?"

"ते मी लिहितो," मी म्हणालो.

मी लिहिले: उत्तर बाजू मोजलीच नव्हती. दक्षिणेचा कागद उलटा करून काढली. मोहिते यांची चूक नव्हती, माझी होती. त्या वेळी बोललो नाही.

माझे अक्षर अजून बरे आहे, पण रकाना दोन बोटांचा. मजकूर रेघ ओलांडून खालच्या तीन दुरुस्त्यांच्या जागेत गेला.

"दादाजी," रेवा हळूच म्हणाली, "इथे एवढं नसतं लिहायचं. 'साइटवर पडताळणी केली', बस. ऑफिसात सगळे वाचतील हे."

"वाचू दे," दिनकर म्हणाला. आकडे सोडले तर सकाळपासूनचे त्याचे पहिले बोलणे. "लिहिलंय ते राहू दे."

मी सहीसाठी पेन टेकवले, तर त्याने कागदावर पंजा ठेवला.

"थांब."

तो उठला. गुडघ्यावर हात देऊन तीन पायऱ्या चढला आणि एकटाच व्हरांड्यात शिरला. ओढणी सुटून गळ्यात आली होती, ती त्याने तशीच राहू दिली. प्रत्येक खांबाला तळहात लावत, ओठ हलवत, तो पार बुरुजापर्यंत गेला. पाचव्या कमानीखालीही त्याने पाऊल उचलायची घाई केली नाही. बुरुजापाशी जरा थांबला, आणि तिथून उलटे मोजत परत आला. रेवा काहीतरी म्हणणार होती. मी तिला हाताने थांबवले. ऊन पायरीवर आले होते.

तो खाली आला, माझ्या शेजारी बसला आणि गुडघा चोळू लागला.

"बारा," तो म्हणाला. "कर सही."